कॅरिबियन राहू दे, वेळासला जा

अगं, त्या कॅरिबियन बेटाचा व्हिडिओ तू मला परत एकदा पाठवलास, तेव्हाच ओळखलं. कुणी हाक मारणार नाही असे दोन दिवस तुला हवेत, एवढंच ना? बदलापूरला जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर अंबरनाथ-उल्हासनगरची गर्दी अंगावर घेत लेडीज डब्यात दादरपर्यंत उभं राहायचं, आणि घरी आल्यावर कुकर लावायचा. अशा बाईला समुद्र आठवला नाही तरच नवल.

पण तसलं निळंशार पाणी आपल्याकडे मिळायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तिथे जाऊन तोंड पाडशील. तिकडच्या बऱ्याच बेटांवरची वाळू प्रवाळाच्या चुऱ्याची, पांढरी. पाण्यात नदीचा गाळ नाही, म्हणून तळ दिसतो. आपल्याकडे सावित्री काय, वाशिष्ठी काय, सह्याद्रीवरून माती घेऊनच उतरतात. मात्र आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. तिथे भरती-ओहोटीत जेमतेम फूट-दोन फुटांचा फरक पडतो. कोकणात उधाणाला तो दहा फुटांच्या घरात जातो. ओहोटीला समुद्र इतका आत सरकतो की ओल्या, घट्ट वाळूवर चपला हातात घेऊन हवं तेवढं चालावं.

आता कुठे जायचं? शनिवारी अलिबाग किंवा काशीदला गेलीस, तर उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधली दिवाळीची गर्दी तुझ्या आधी तिथे पोचलेली असेल. तू वेळासला जा. मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्याजवळ. नाना फडणवीसांचं मूळ गाव. गाडी असेल तर श्रीवर्धनवरून बागमांडल्याला उतरायचं आणि गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. पलीकडे वेसवी, तिथून वेळास जवळच. मुलांना ती बोटच जास्त आवडेल. गाडी नसेल तर दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडीची गाडी धरून माणगावला उतरता येतं, पण पुढे एसटी आणि रिक्षांची कसरत आहे. मुलं लहान आहेत तोवर तरी तो उद्योग नको.

वेळासला हॉटेलं शोधू नकोस, गावातल्या घरांतच उतरायचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. तेव्हापासून घराघरांतून पाहुण्यांची सोय होऊ लागली. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. गावातली माणसं ती उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलतात. कधी खाली नुसती वाळू निघते आणि सगळे गप्प परततात. कधी तळहातात मावतील अशी काळपट पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून धडपडत असतात. मग ती पाण्यापासून थोडी अलीकडे सोडतात, कारण चालत त्यांचं त्यांनीच जायचं असतं. लाट येते, एखाद्याला उलटं करून मागे आणून टाकते, आणि ते पुन्हा निघतं. उजेडाच्या दिशेने जायची त्यांना खोड असते, म्हणून अंधारात किनाऱ्यावर बॅटरी किंवा मोबाइलचा फ्लॅश मारायचा नाही. आमच्या जावयांना हे निघण्याआधीच बजावून ठेव.

तुला मात्र शांतता हवी आहे, तेव्हा महोत्सवातला शनिवार-रविवार टाळ. मंगळवार-बुधवारी जा. रजा मागायला जड जाईल, पण माग. आजारपणासाठी आणि नणंदेच्या लग्नासाठी मागतेसच की.

आता जरा नीट ऐक. पाणी शांत दिसलं म्हणून मुलांना सोडू नकोस. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता की वादळ नव्हतं. ओहोटीची ओढ पायाखालून असते, ती वरून दिसत नाही. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ कशी काढतात, सांगते. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरती किती वाजता ते निघतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सकाळी तेवढेच आणि संध्याकाळीही साधारण तेवढेच. थोडं मागेपुढे होतं, म्हणून हा अंदाजच धर आणि मुक्कामाच्या घरातल्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस. तरी तारीख ठरवायला हा हिशेब फार उपयोगी पडतो. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी उधाण, संध्याकाळी ओहोटी; तेव्हा फक्त फिरायचं. अष्टमीला भांगाची भरती, जोर कमी. दुपारी बारानंतर पाणी चढायला लागतं, ते सहापर्यंत. मुलांना घोटाभर पाण्यात खेळवायला ती दुपार बरी, तीही तू शेजारी उभी असताना.

तारखेवरून आठवलं. पाळी त्याच आठवड्यात येणार असेल, तर गोळ्या घेऊन ती पुढे ढकलू नकोस, सहलच पुढे ढकल. अंगात सैल सुती कुडता आणि लेगिंग्ज घाल. ओढणी घरीच ठेव, ती पाण्यात पायात अडकते. किनाऱ्यावर कपडे बदलायच्या खोलीची वाट बघत बसू नकोस. टॉवेल गुंडाळून थेट मुक्कामी यायचं. म्हणून मुक्काम ठरवायला फोन करताना तीनच गोष्टी विचार: न्हाणीघर आत आहे की मागच्या अंगणात, वीज गेली तर काय, आणि मासे मिळतात का. बऱ्याच घरांत शाकाहारीच जेवण असतं. कुळथाचं पिठलं आणि सोलकढी बघून जावईबापूंचं तोंड वाकडं झालं, तर होऊ दे. तू उठून त्यांच्या स्वयंपाकघरात मदतीला जाऊ नकोस. जाशील, मला माहीत आहे. तरी सांगते, पैसे भरलेत आपण.

सासूबाईंना न्यायचं का, हे तू मला विचारलं नाहीस, पण मनात आहे तुझ्या. ने. त्यांनी तरी समुद्र कधी निवांत बघितलाय? फक्त खोली वेगळी सांग आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी खुर्ची मागून घे. संध्याकाळी नातवंडं त्यांच्यापाशी बसली, की तू तासभर एकटीच चालून ये. कुणाला सोबत यायचं असेल, तर उद्या या म्हणावं.