प्रोग्राम अडकतो, लायब्ररी बदलू का?

प्रश्न : पायथनमधली ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी वापरून हवामानाच्या एपीआयकडून माहिती मागवणारा प्रोग्राम मी सर्व्हरवर चालवते. कधी कधी तो तासन्‌तास अडकून बसतो. लायब्ररी बदलावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बदलू नका, लायब्ररी चांगलीच आहे. उत्तर आलं नाही तर ती आपोआप थांबेल, हा समज मात्र चुकीचा. २०११पासून वापरात असलेल्या ‘रिक्वेस्ट्स’मध्ये वेळमर्यादा मुळात ठरलेलीच नसते. समोरचा सर्व्हर गप्प राहिला, की तुमचा प्रोग्रामही वाट पाहत बसतो. प्रत्येक विनंतीत ‘टाइमआउट’ लिहा : जोडणीसाठी ३ सेकंद, उत्तरासाठी १० म्हटले तरी पुष्कळ झाले.

तेवढ्यावर भागत नाही. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० पाठवला तरी लायब्ररी आपणहून तक्रार करत नाही. चुकीचा संदेशच हवामानाची माहिती म्हणून पुढे सरकतो. उत्तर हाती येताच ‘रेज_फॉर_स्टेटस’ चालवा, म्हणजे गडबड तिथल्या तिथे उघड होईल.

४२९ आला, तर विनंत्या फार झाल्या. लगेच धडका देऊ नका. ‘रिट्राय-आफ्टर’मध्ये सांगितलेला वेळ थांबा.

एपीआयची की कोडमध्येच लिहिली असेल, तर ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हलवा. कोड गिटहबवर सर्वांना दिसेल असा गेला असेल, तर ती की आजच रद्द करून नवी घ्या.