ग्रीसची नगरराज्ये आणि आपल्याकडच्या पाच शाह्या



अथेन्स, स्पार्टा ही नावं मुलांना परकी वाटतात. म्हणून नकाशात ग्रीस दाखवण्याआधी इंदापूर दाखवा. तशीच गोष्ट आपल्या मातीतही घडलेली आहे.

ग्रीसमध्ये काय झालं? प्रत्येक नगराचं राज्य वेगळं. भाषा एक, देव एक, तरी आपसात भांडणं. इराणचा बादशहा चालून आला तेव्हा अथेन्स व स्पार्टा एकत्र आले आणि इ.स.पू. ४८० मध्ये सॅलॅमिसची समुद्रातली लढाई जिंकली. संकट टळल्यावर मात्र इ.स.पू. ४३१ ते ४०४ हे दोघेच एकमेकांशी लढले. सगळेच थकले. इ.स.पू. ३३८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने त्यांना हरवलं.

आता आपल्याकडे बघा. बहमनी राज्य फुटून अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), विजापूर, गोवळकोंडा, वऱ्हाड व बीदर अशा पाच शाह्या झाल्या. १५६५ साली वऱ्हाड सोडून बाकी चौघांनी मिळून विजयनगरचा पराभव केला. त्या एकीसाठी निजामशाहाने मुलगी चांदबिबी विजापूरला दिली, सोबत सोलापूरचा किल्लाही दिला. पण पुढं पुन्हा भांडणं सुरूच. याच लढायांच्या काळात मालोजीराजे इंदापूरला कामी आले. १६३० च्या सुमारास विजापूरच्या फौजेने पुणे जाळलं. १६३६ ला निजामशाही संपली. मग औरंगजेबाने १६८६ ला विजापूर आणि १६८७ ला गोवळकोंडा घेतलं.

फरकही जरूर सांगा. अथेन्सचे नागरिक सभेत हात वर करून युद्धाचा निर्णय घ्यायचे. स्त्रिया आणि गुलामांना मात्र तो हक्क नव्हता. आपल्याकडे निर्णय सुलतान आणि सरदारांचा, आणि पीक तुडवलं जायचं रयतेचं.

वर्गात घ्यायचा खेळ : मुलांचे पाच गट करा. प्रत्येकाला दहा चिंचोके द्या. प्रत्येक गट बाकीच्या चौघांशी एकेकदा ‘लढेल’. प्रत्येक लढाईत दोघांचेही दोन-दोन चिंचोके जातील, जिंकणाऱ्याचेसुद्धा! शेवटी प्रत्येकाकडे दोनच उरतात. आता आठ चिंचोक्यांचा सहावा गट समोर आणा आणि विचारा, “एकटे टिकाल का?” कुणीतरी पोरगं बेरीज करून सांगतंच, “गुरुजी, पाची मिळून आमचे दहा होतात की!” धडा तिथंच समजतो.

हे शिकवणं का गरजेचं? ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की वर्गातही दोन पार्ट्या पडतात. घरातली बोलणी मुलं ऐकतात आणि कालपर्यंत एका डब्यात जेवणारे दोघं वेगळे बसतात. मोठ्यांचं निकालानंतर मिटतं, पोरांच्या मनातलं लवकर मिटत नाही. म्हणून पालकांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेला मुलाला सोबत न्या. वाद कसा होतो आणि वाद होऊनही पाण्याचा, रस्त्याचा ठराव दोन्ही बाजू मिळून कसा मंजूर करतात, ते त्याला बघू द्या.