प्रकल्प अहवालात उत्पादनाचे वर्णन कसे असावे?

लघुउद्योगासाठी बँकेकडे कर्ज मागताना प्रकल्प अहवाल सादर करावा लागतो. त्यात यंत्रसामग्री, भांडवल व नफा यांचे आकडे काळजीपूर्वक मांडले जातात. परंतु ज्या वस्तूच्या विक्रीवर ही सारी आकडेमोड उभी असते, तिचे वर्णन मात्र एका ओळीत उरकले जाते. ‘कोकमाचे विविध दर्जेदार पदार्थ’ एवढ्याने बँकेच्या अधिकाऱ्याला काही बोध होत नाही आणि बचत गटातील महिलांनाही आपण नेमके काय विकणार आहोत, हे उमगत नाही.

फळ एक, पदार्थ तीन

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कोकमाचेच उदाहरण घेता येईल. फळाची साल खारवलेल्या रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळविली की आमसूल तयार होते. मीठ घालून टिकविलेला रस म्हणजे आगळ. सरबतासाठीच्या पाकात मात्र साखर असते. आमसूल वाण्याच्या दुकानात खपते, आगळ सोलकढीसाठी घरोघरी व खानावळीत जाते, तर पाकाला उन्हाळ्यात अधिक मागणी असते. बाटली लागेल की पिशवी, साखरेवर खर्च किती, गिऱ्हाईक कोण, या प्रश्नांची उत्तरे वर्णनातच दडलेली असतात.

हंगाम आणि भांडवल

कोकम प्रामुख्याने एप्रिल-मे महिन्यांत पिकते. पावसापूर्वी फळ उतरवून प्रक्रिया करावी लागते. विक्री मात्र पुढे अनेक महिने चालते. म्हणजे खरेदीचा पैसा एकदम जातो आणि हळूहळू परत येतो. वर्णनात याचा उल्लेख नसल्यास खेळत्या भांडवलाचा अंदाज चुकतो, ऐन हंगामात हात आखडतो आणि कर्जाचे हप्ते गटाच्या बचतीतून भरण्याची पाळी येते.

वर्णनातील आवश्यक बाबी

पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन किंवा माप, वेष्टन, किंमत, टिकण्याचा काळ आणि अपेक्षित ग्राहक यांचा स्पष्ट निर्देश असावा. टिकण्याचा काळ अंदाजाने न लिहिता तपासणीवरून ठरवावा. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ परिमाण व कमाल किरकोळ किंमत वेष्टनावर छापावी लागते. तिची तयारी येथूनच होते. ‘पित्त बरे होते’ यांसारखे रोगनिवारणाचे दावे टाळावेत. खाद्यपदार्थांबाबत असे दावे करण्यास कायद्याने मनाई आहे.

सेवेलाही हाच नियम लागू पडतो. ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्याने कोणती कामे, किती अंतरापर्यंत आणि तासाला काय दराने, हे सांगितलेच पाहिजे.

ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी असा अहवाल वाचताना एकच कसोटी लावावी: वस्तू न पाहिलेल्या माणसाला केवळ वर्णनावरून तिची मागणी नोंदविता येईल काय? येत नसेल, तर आकड्यांकडे वळण्यापूर्वी वर्णन पुन्हा लिहून घेणे अगत्याचे आहे.