अंगणातील मांडवावर कुंडीतील द्राक्षवेल

अंगणातील मांडवावर चढविलेली द्राक्षवेल पानांनी दाट होते, सावली गार पडते. परंतु घड मात्र दोनचारच लागतात, अशी तक्रार ग्रामसेवकांच्या कानी येते. दोष बहुधा खताचा नसून एप्रिलची छाटणी टाळल्याचा असतो.

थंड देशांत हिवाळ्यात वेल पाने टाकून विश्रांती घेते व वर्षातून एकदाच छाटली जाते. महाराष्ट्रात तशी थंडी नसल्याने ती वाढतच राहते; म्हणून येथे दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलच्या आरंभी खरड छाटणी करावी. ओलांड्यावरील प्रत्येक काडी एका डोळ्यावर आणावी. छाटणीनंतर सुमारे 40 ते 60 दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांत पुढील घडांची घडण होते, व त्यासाठी काडीवर ऊन पडणे अवश्य असते. उशीर केल्यास हा काळ पावसाळी ढगांत सापडतो. घरधन्याला मांडवाची सावली हवी असते तीही नेमकी याच दिवसांत! तेव्हा पोती वा ताडपत्री बांधावयाची ती मांडवाच्या खाली, वर नव्हे. दाटलेल्या फुटी विरळ कराव्यात.

ऑक्टोबरात फळछाटणी करावी. थॉमसन सीडलेस जातीची पक्व काडी सामान्यतः 6 ते 10 डोळ्यांच्या दरम्यान कापतात. फार आखूड कापल्यास फळाचे डोळेच निघून जातात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागाईतदार हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी असल्याने मुलेबाळे वावरतात त्या अंगणात त्याच्या वाटेस जाऊ नये.

कुंडी म्हणजे शोभेची कुंडी नव्हे. 200 लिटरचा पत्र्याचा ड्रम मधोमध कापून घ्यावा, बुडास भोके पाडून खापऱ्या घालाव्यात व वर पोयट्याची माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरावे. मुळांना जागा थोडी, म्हणून काड्याही थोड्याच राखाव्यात आणि पहिल्या बहारास काडीमागे एकच घड ठेवावा. एकाच वेलीने सारा मांडव झाकण्याचा हव्यास धरू नये. छाटणीनंतर पाने नसताना पाणी बेताने द्यावे; फूट वाढून उन्हे तापली की रोज द्यावे लागते.

फळछाटणीनंतर पाऊस लांबल्यास केवडा पडतो. पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग व खाली पांढरी बुरशी दिसताच ती पाने तोडून जाळावीत.