समुपदेशकाचे शिक्षण विचारा

"डॉक्टर, पोरगी आठ दिवस झोपली नाही. म्हणते, जगून काय करू? समुपदेशकाकडे नेऊ?" परवा दवाखान्यात एका आईने विचारले.

जरूर न्या. मात्र नुसती पाटी पाहू नका, शिक्षण विचारा. मानसशास्त्राचे एम.ए. दोन वर्षांचे असते. त्यात पुस्तकी पाया पक्का होतो. पण समोरच्याचे दुःख ऐकून घेणे, उपदेश न करणे आणि धोका ओळखणे हे जाणकारांच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करूनच अंगवळणी पडते. म्हणून "असा सराव कुठे, किती केला?" हे निःसंकोच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. चांगला समुपदेशक आपली मर्यादा जाणतो. औषधाची गरज दिसली की मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो.

आम्हा एम.बी.बी.एस. डॉक्टरांनाही हा विषय काही आठवड्यांचाच होता. म्हणून त्या मुलीला मी झोपेची गोळी दिली नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर चेष्टा समजू नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो.