मायना आणि समाजमाध्यम

समाजमाध्यमांपासून दूर होणाऱ्या वापरकर्त्यांचा विचार करताना अतिरेक हे कारण प्रथम पुढे केले जाते. माहिती विपुल झाली की अवधान तोकडे पडते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते. तथापि केवळ संख्येने ह्या शिणवट्याचा पुरता उलगडा होत नाही. येथे जुन्या मराठी पत्राची रचना लक्षात घेणे उपयुक्त ठरेल.

'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे मायने केवळ शिष्टाचाराचे नव्हते. मायन्याने लेखक-वाचकांचे नाते निश्चित होई आणि त्या नात्यानुसार मजकुराचा सूर व मर्यादा ठरत. 'बहुत काय लिहिणे' ही समारोपाची खूण मजकूर संपल्याचे सांगे.

समाजमाध्यमात ह्या दोन्ही खुणा लोपतात. मार्विक आणि बॉइड यांनी २०११ मध्ये तत्कालीन ट्विटरच्या अभ्यासात दाखविले की, एरवी वेगळे राहणारे श्रोतृवर्ग तेथे एकत्र मिसळतात. वडील, वरिष्ठ, बालमित्र आणि अनोळखी माणूस ह्या सर्वांपुढे एकच वाक्य निभावून न्यावे लागते. वाचकाची अवस्थाही फारशी निराळी नसते. फेसबुकने २००६ मध्ये 'न्यूज फीड' सुरू केल्यापासून इतरांचे वृत्त न मागता समोर येऊ लागले. ते नेमके आपणास उद्देशून आहे काय, त्यास उत्तर देणे आहे काय, हे वाचकानेच क्षणोक्षणी ठरवावयाचे असते. आणि त्या प्रवाहास शेवट नसतो.

२०१८ मध्ये अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकीपूर्वी हंट ऑल्कॉट आणि सहकाऱ्यांनी काही वापरकर्त्यांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवावयास लावले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा कुटुंबीय व मित्रांसमवेतचा वेळ वाढला, समाधानात अल्प वाढ झाली. मात्र बातम्यांविषयीचे ज्ञान घटले. प्रयोग संपल्यावरही त्यांचा फेसबुकचा वापर पूर्वीपेक्षा कमीच राहिला.

संबोधनाविषयीचे उपरोक्त विवेचन ह्या प्रयोगाने सिद्ध होते, असे म्हणता येणार नाही. परंतु मोकळ्या झालेल्या वेळेचा काही भाग तरी ज्यांच्याशी नाते ठरलेले आहे अशांकडे वळला, ही गोष्ट सूचक आहे. ह्या दृष्टीने पाहता अशी निवृत्ती म्हणजे संवादाचा त्याग ठरत नाही. कोणाशी बोलावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार परत घेण्याचा तो प्रयत्न होय. आणि जगाच्या वार्तेस काही अंशी मुकणे, हे त्याचे मोल होय.