ज्यांनी आधी तोंड उघडले

इंदापूरला पुणे-सोलापूर रस्त्यावर उभे राहा. रात्रंदिवस मालमोटारी धावताना दिसतील. बारामती-इंदापूरकडची कितीतरी पोरे या रस्त्यावर पोट भरतात. आमचा एक विद्यार्थीही ड्रायव्हर झाला. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी तो एड्सने गेला.

त्याच्या मातीला चार माणसे जमेनात. त्याच्या बायकोला हापशावर पाणी भरू देईनात. आम्ही गावचे मास्तर. पण आम्हीही गेलो नाही. आम्ही भ्यालो. रोग काय, हे आम्हांला ठाऊक नव्हते. ती चूक पुन्हा होऊ नये, म्हणून हा धडा.

एच.आय.व्ही. हा डोळ्यांना न दिसणारा विषाणू. आपल्या शरीरात रोगाशी लढणारे राखणदार असतात. हा विषाणू त्यांनाच मारतो. औषध न घेतल्यास काही वर्षांनी क्षयासारखे रोग माणसाला घेरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

तो पसरतो कसा? निरोध न वापरता बाधित माणसाशी संबंध आला तर. बाधित रक्त किंवा दुसऱ्याला टोचलेली सुई शरीरात गेली तर. आणि औषध न घेणाऱ्या बाधित आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका हापशावर पाणी भरल्याने, हात लावल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही.

या रोगाने सर्वांत जास्त घाव घातला तो आफ्रिका खंडावर. घरोघरचे कर्ते गेले. म्हाताऱ्या आज्यांवर नातवंडे वाढवायची पाळी आली. तिथेही लोक लाजेने रोग लपवीत. मग काहींनी धीर केला. झांबिया देशाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी 1987 साली उघड सांगितले, की आपला मुलगा एड्सने गेला. त्याच वर्षी युगांडात नोएरीन कलीबा या बाईंचे पती एड्सने गेले. बाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी सोबती जमवले आणि रोग्यांना आधार देणारी संस्था काढली. 2002 साली बोट्स्वाना सरकारने रोग्यांना फुकट औषध द्यायला सुरुवात केली. 2005 साली दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला यांनीही आपल्या मुलाच्या मृत्यूचे कारण लपवले नाही.

एवढी मोठी माणसे बोलली, तेव्हा गरिबालाही बोलायला बळ आले.

पण औषध फार महाग होते. एका माणसाला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तेच औषध दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देऊ केले. पुढे आफ्रिकेतल्या लाखो रोग्यांपर्यंत भारतात बनलेल्या गोळ्या पोचल्या.

आपल्या सरकारनेही 1 एप्रिल 2004 पासून हे औषध फुकट देण्यास सुरुवात केली. गोळी रोज, न चुकता घ्यावी लागते. मग माणूस कामधंदा करून म्हातारपणापर्यंत जगू शकतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला व तसाच राहिला, तर संबंधातूनही रोग जात नाही. गरोदर बाईने वेळेवर औषध घेतले, तर बाळ बहुधा निरोगी जन्मते.

सरकारी रुग्णालयात तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात. रोग्याला नोकरीतून, शाळेतून किंवा दवाखान्यातून हाकलण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे. माहिती हवी असेल तर 1097 या क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

त्या ड्रायव्हरची बायको आज हयात आहे. रोज गोळी घेते आणि शेतात राबते. मागे आम्ही तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, “गुरुजी, चहा घेता ना?” आम्ही घेतला. पण त्या उंबऱ्यापर्यंत जायला आम्हांला फार वर्षे लागली. तुम्ही इतका उशीर करू नका.

प्रश्न
1. एच.आय.व्ही. कशाने पसरतो? कशाने पसरत नाही?
2. केनेथ कौंडा यांनी लोकांना काय सांगितले?
3. तुमच्या गावात असा रोगी असेल, तर तुम्ही त्याच्याशी कसे वागाल?